दादाची साडेतीनशे

लातूरचे घर रिकामे करावयाचे ठरले ते २०२२ च्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या आठवड्यात. दादाला जाऊन दीड वर्ष उलटून गेले होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये तो गेला. त्याच्या मातीला आम्ही मोजून पाच जण होतो. वहिनी त्यानंतर पुण्याला मुलाकडे राहावयास गेल्या. घराला गिऱ्हाईक मिळाले तेव्हा पुतण्याचा फोन आला, "काका, मागची खोली तेवढी तुम्ही येऊन बघा. त्यातलं ठेवायचं काय आणि टाकायचं काय, मला कळत नाही."

मागची खोली म्हणजे जुन्या घराचा उरलेला तुकडा. माळवदाचे छत, हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि एका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत गेलेली भेग. ती भेग १९९३ च्या भूकंपाची. घराचा पुढचा भाग दादाने नंतर विटा-सिमेंटात बांधून घेतला. ही खोली मात्र तशीच राहिली. पूर्वी तिच्यात तुराट्या आणि कडबा असे. आता आत पोती, तांब्याचे घंगाळ, मोडका पाळणा, बाबांच्या शाळेतला पृथ्वीचा गोल, आणि सर्वांत मागे ताडपत्रीखाली काहीतरी उभे होते. ताडपत्री ओढली आणि मी तेथेच एका पोत्यावर बसलो.

दादाची राजदूत साडेतीनशे होती ती. दोन लाकडी ओंडक्यांवर, चाके जमिनीपासून चार बोटे वर.

ह्या पानांवर मोटारसायकलीविषयी वाचावयाची आपल्याला सवय नाही, हे मी जाणून आहे. तरी थोडे सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. राजदूत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ती दूधवाल्याची, दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेली, साधीभोळी पावणेदोनशेची गाडी. साडेतीनशे हे प्रकरण निराळे. जपानच्या यामाहा कंपनीची 'आरडी ३५०' एस्कॉर्ट्‌स कंपनीने १९८३ पासून आपल्या देशात बनवावयास घेतली. ३४७ सीसीचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर. त्या काळी रस्त्यावर अशी दुसरी गाडी नव्हती. त्याच वर्षी आलेल्या 'हीरो' चित्रपटात जॅकी श्रॉफ तिच्यावरून आला आणि गावोगावच्या तरुणांची झोप उडाली. किंमत मात्र अठरा हजारांच्या घरात. पेट्रोल ती पाण्यासारखी पिई, आणि मूळच्या डिस्क ब्रेकऐवजी येथे ड्रम ब्रेक बसविलेले असल्याने पळण्याच्या मानाने थांबणे तिला जमत नसे. पुढे कंपनीने तिचेच एक मवाळ रूप काढले. आधीची साडेतीस अश्वशक्तीची ती 'हाय टॉर्क' आणि नंतरची सत्तावीसची ती 'लो टॉर्क'. मिस्त्री लोक नुसतेच एचटी आणि एलटी म्हणतात. दशक संपता संपता दोन्ही बंद पडल्या. आज शौकीन मंडळी तिच्याविषयी लाखांच्या भाषेत बोलतात.

दादाने ती १९८६ मध्ये घेतली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून त्याच वर्षी निवृत्त झाले होते. मिळालेल्या रकमेतून माझ्या बी. एड.ची फी भरावयाची होती. दादाने धंद्यासाठी म्हणून पैसे मागितले, बाबांनी दिले, आणि आठ दिवसांनी दारात ही गाडी उभी राहिली. माझे बी. एड. एक वर्ष लांबले. ते वर्ष मी एका डाळ मिलमध्ये पोती मोजीत काढले. तुरीच्या डाळीची धूळ नाकात बसली की मला अजूनही ते वर्ष आठवते.

गाडी घेतली ती शर्यतीसाठी. ह्या शर्यतीला ड्रॅग रेस म्हणतात. वळणे नाहीत, फेऱ्या नाहीत; दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करावयाच्या आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, जो आधी जाईल तो जिंकला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर तरुण पोरे जुन्या मोटारी पळवू लागली. रस्त्यावरचे अपघात थांबावेत म्हणून वॉली पार्क्स ह्या गृहस्थाने १९५१ मध्ये त्यांची संघटना बांधली व नियम केले. १९६३ पासून तेथे सुरुवातीचा इशारा एका खांबावरच्या पिवळ्या-हिरव्या दिव्यांनी देतात आणि त्या खांबाला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. हे मला दादानेच एका नाताळात, देवळातल्या झाडाला दिवे लावताना सांगितले होते. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. तेथील चित्रे कापून दादाने कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवली होती. आमच्या नांदेड भागातल्या शेतकऱ्याला मात्र हे समजावण्यासाठी अमेरिका नको की मद्रास नको. शंकरपट दुसरे काय असतो? सरळ पट्टी, हलका छकडा, जिवाच्या आकांताने पळणारी बैलजोडी आणि घड्याळाकडे लागलेले डोळे. तोही काही वर्षे न्यायालयात अडकून पडला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा पुन्हा सुरू झाला.

दादाच्या शर्यती ना न्यायालयाला ठाऊक होत्या ना संघटनेला. उन्हाळ्यात पहाटे, गावाबाहेरच्या रस्त्यावर, दोरीने मोजलेले चारशे मीटर आणि शंभराची पैज. आज मी त्याला गुन्हाच म्हणेन, आणि तेव्हाही म्हणत होतो. त्याने गाडीचे मागचे सीट कापले, मागचे फूटरेस्ट काढून टाकले, सायलेन्सरच्या आतल्या नळ्या उपटून काढल्या. इंजिनाचे ब्लॉक, म्हणजे ज्यांत पिस्टन वरखाली होतो ते सिलिंडर, उघडून त्यांची धूर जाण्याची दारे कानसून उंच केली. त्यामुळे म्हणे ताकद वाढते. आवाज तर असा वाढला की चार गल्ल्यांपलीकडे कळे, दादा निघाला. बाबांनी त्याच्याकडून दोनदा वचन घेतले; दोन्ही वेळा त्याने ते मोडले. १९८८ मध्ये मला नांदेडला शाळेत नोकरी लागली आणि मी बाबांना घेऊन लातूर सोडले.

आता मला जे सांगावयाचे आहे तेथे मी येतो, आणि ते सांगताना हात थोडा अडखळतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र. विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे होत्याची नव्हती झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे माळवद, जे उन्हाळ्यात गारवा देई, तेच माणसांच्या अंगावर आले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेने कपड्यांचा आणि धान्याचा एक ट्रक पाठविला, त्याबरोबर मी होतो. औशाच्या अलीकडे ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला असताना मला तो आवाज ऐकू आला. चूक होणे शक्यच नव्हते. दादा त्या गाडीवरून, हँडलवर वाकून, एकटाच, सुसाट गेला. चिखलाचे शिंतोडे ट्रकच्या दारावर उडाले. त्याने मला पाहिले नाही.

मी लातूरला घरी न जाताच परतलो. रात्री जेवताना बाबांना म्हणालो, "गावंच्या गावं गाडली गेली आणि तुमचा थोरला अजून शर्यती लावतोय. डोळ्यांनी बघून आलो." बाबांच्या हातातला घास तसाच राहिला. काही वेळाने ते म्हणाले, "असू दे. त्याचं त्याला." त्यानंतर त्यांनी दादाचे नाव आपण होऊन कधी काढले नाही. १९९६ मध्ये बाबा गेले. दादा मातीला आला, सर्वांच्या मागे उभा राहिला, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. पुढे आम्ही लग्नकार्यात भेटत होतो, बोलत होतो. परंतु ते बोलणे पावसापाण्याचे.

तर ती गाडी समोर होती. पुतण्याने मोबाइलवर तिची छायाचित्रे काढून कोणाला तरी पाठविली आणि तासाभरात किंमत आली. मी म्हणालो, "विकायचीच तर चालू करून विकू. बंद गाडीचं काय मोल?" हे खरे कारण नव्हते. खरे कारण मलाही सांगता आले नसते. टेम्पोत घालून अहमदपूर, लोहा मार्गाने मी ती नांदेडला आणली. जुनी वाहने जपणे हा संस्थानिकांचा उद्योग, अशी आपली समजूत असते. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची १९१२ ची पिवळी रोल्स रॉईस पाहावयास आपण तिकीट काढून जातो. निवृत्त मास्तराच्या अंगणात असली गाडी उतरताना पाहून शेजाऱ्यांनी काय तर्क केले असतील, ते प्रभूच जाणे.

इतवाऱ्यातील एक वयस्कर मिस्त्री अशा गाड्यांचे जाणकार म्हणून प्रसिद्ध. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. मी उत्साहाने किकवर पाय ठेवला तर ते जवळजवळ ओरडलेच, "किक मत मारो सर! आधी आतलं बघू द्या." वीसपंचवीस वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरून बसलेल्या असतात, जोर केला की मोडतात. त्यांनी दोन्ही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑईल ओतले आणि गाडी तीन आठवडे तशीच ठेवून दिली. रोज सकाळी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने किंचित पुढे, किंचित मागे. उजवा पिस्टन आठव्या दिवशी सुटला. डावा काही केल्या सुटेना. तो अखेर ब्लॉक उतरवताना लाकडी ठोकळ्याने हलके हलके ठोकून काढावा लागला.

दादाने गाडी ठेवताना काळजी घेतली होती, हे हळूहळू दिसत गेले. सायलेन्सरच्या तोंडात उंदीर जाऊ नयेत म्हणून तेलाचे बोळे कोंबलेले. आरसे आणि दिवा १९९९ सालच्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला. तरी उंदरांनी वायरी खाल्ल्याच होत्या. टाकीत पेट्रोलचा तळाशी डांबरासारखा थर आणि वर गंज. टाकीत मूठभर बारीक नट टाकून, गॅरेजमधल्या पोराने ती मांडीवर घेऊन आठ दिवस घुसळली. कार्बोरेटरच्या जेटमध्ये मी तार घालावयास निघालो तर उस्तादांनी हात धरला. जेटचे भोक केसाएवढे. तारेने ते खरवडले की पेट्रोलचे माप चुकते. ते नुसत्या हवेने साफ करावयाचे.

सर्वांत वेळ क्रँकच्या सीलनी खाल्ला. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची पोकळीसुद्धा श्वास घेते. हवा आणि पेट्रोल आधी तेथे ओढले जाते, दाबले जाते आणि मग वर जाते. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सील कडक झाली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापून अडकतो. म्हणजे गाडी सुरू होते, झकास पळते आणि चार मैलांवर बसते. "सील बदल्याशिवाय चालू केली तर मीच तिचा खून केला म्हणा," उस्ताद म्हणाले. सील पुण्याहून आली, पिस्टन दिल्लीहून, क्लचच्या प्लेटा कोठून आल्या ते उस्तादांनी मला सांगितले नाही. ह्या साऱ्यात २०२३ चे वर्ष सरले. कागदपत्रांचा घोळ वेगळाच. शासनाच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षे झालेल्या वाहनालाच 'विंटेज' म्हणावयाचे. आमची गाडी त्या मानाला अजून बरीच लहान, आणि रस्त्यावर आणावयाची तर कार्यालयाच्या हिशेबी पुष्कळ म्हातारी.

पण ब्लॉक उतरवला त्या दिवशीचे सांगावयाचे राहिले.

मी उस्तादांना आधीच सांगून ठेवले होते की ही शर्यतीची गाडी, हिचे ब्लॉक कानसलेले असणार. त्यांनी ब्लॉक रॉकेलने धुतला, उजेडाला धरला, धुराच्या दारातून आत करंगळी फिरवली आणि माझ्याकडे पाहिले. "ये वो ब्लॉक नई है सर. इथं कानस लागलेलीच नाही. आणि हे एचटीचे पण नाहीत. एलटीचे आहेत, नरम गाडीचे." त्यांना नवल वाटले ते वेगळ्याच कारणाने. गेली चाळीस वर्षे जो येतो तो एलटीची एचटी करून मागतो. आयुष्यात उलटे करून घेतलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मग ते गाडीभोवती फिरले आणि मी रोज पाहत असूनही न पाहिलेल्या गोष्टी त्यांनी बोट ठेवून दाखविल्या. सीट पूर्ण लांबीचे होते. मागचे फूटरेस्ट परत वेल्ड केलेले होते. सायलेन्सरच्या आत नळ्या होत्या. मागे लोखंडी कॅरिअर होते, आणि त्याच्या पट्ट्या घासून चकचकीत झाल्या होत्या. "हिच्यावर कुणीतरी डबल सीट, सामान बांधून खूप फिरलंय सर. रेस काय लावता हिच्यावर?"

त्या रात्री मी पुण्याला फोन केला. वहिनींचा पहिला प्रश्न, "तुम्हाला ठाऊक नव्हतं, भाऊजी?"

भूकंपाच्या दिवशी उजाडताच दादा गाडी घेऊन निघाला होता. लामजन्याच्या पुढे रस्त्यावर माणसे, बैलगाड्या, ट्रक ह्यांची दाटी. जीप अडकत होत्या, मोटारसायकल जात होती. पहिल्या दिवशी तो एकटाच पाणी आणि पट्ट्या घेऊन तीन खेपा करून आला. मग रोजच. एका दवाखान्यातल्या सिस्टर धनुर्वाताच्या इंजेक्शनांची पेटी मांडीवर घेऊन मागे बसत. कापलेल्या सीटवर त्यांना बसता येईना म्हणून त्याने तिसऱ्या दिवशी पोते घडी करून बांधले. वर पाऊस. शर्यतीसाठी कानसलेले इंजिन भरधाव असतानाच खेचते. चिखलात दोन माणसे घेऊन सावकाश चालवले की प्लग काळे पडतात, गाडी मरते. दिवसातून दहा वेळा रस्त्यात बसून तो प्लग पुसत असे. मधूनच एकट्याने मोकळ्या रस्त्यावर ती तडातड पळवून इंजिनातला काजळीचा थर जाळून काढी. दिवाळीच्या सुमारास त्याने एलटीचे ब्लॉक मिळवून बसवून घेतले. पुढे पत्र्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या, पुनर्वसनाची कामे वर्षानुवर्षे चालली, आणि ती गाडी तशीच माणसे वाहत राहिली.

"बाबांना कळवू का म्हणून मी विचारलं होतं," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणाले, नको. केलेलं पत्रात लिहून धाडायचं नसतं. येतील तेव्हा दिसेल." थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुम्ही त्या वेळी लातूरकडे आला होतात ना? घरी का नाही आलात?"

मी काय उत्तर दिले ते येथे लिहीत नाही. मी त्यांना सारे सांगितले; जेवणाच्या पाटावर बाबांना काय म्हणालो तेही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या एवढेच म्हणाल्या, "गाडी चालू झाली की मला बोलवा."

गाडी चालू झाली ती २०२४ च्या उपवासकाळात, एका शनिवारी. अकराव्या किकेला. आधी निळ्या धुराचा लोट, मग डाव्या सिलिंडरचा एकट्याचा खोकला, मग दोन्ही मिळून एकसारखा, काहीसा मऊ आवाज. गॅरेजमधली पोरे टाळ्या वाजवू लागली. उस्तादांनी कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून इंजिन ऐकले आणि लगेच बंद केले. पहिल्या दिवशी एवढेच.

पुतण्या आणि वहिनी ईस्टरला, ३१ मार्चला आले. मिस्सानंतर आम्ही थेट गॅरेजवर गेलो. पुतण्याच्या डोक्यात एक बेत होता. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अलीकडे रीतसर ड्रॅग रेस भरतात. हेल्मेट, रुग्णवाहिका, दिव्यांचा खांब, सारे नियमाने. तेथे जुन्या साडेतीनशे आजही पळतात. कानसलेले ते जुने ब्लॉक मागच्या खोलीतच, ग्रीस लावलेल्या फडक्यात, बाबांच्या पृथ्वीच्या गोलाखाली सापडले होते. दादाने ते विकले नव्हते, फेकले नव्हते. "एकदाच न्यायची, काका," पुतण्या म्हणाला. मी नाही म्हणालो. स्पष्टच म्हणालो. जी गाडी माणसे वाहण्यासाठी बदलली ती परत शर्यतीला जुंपणे मला पटेना. आणि खरे सांगायचे तर, दादाविषयी माझे जे नवे मत झाले होते त्याला धक्का लागू नये, अशी माझी इच्छा होती.

उस्तादांनी गाडी सुरू केली. वहिनी पदर सावरून जवळ उभ्या राहिल्या आणि ऐकत राहिल्या. मला वाटले, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ह्याचा आवाज एवढा लहान नव्हता," त्या म्हणाल्या.

मी समजावून सांगू लागलो, की हा नंतरचा, बदललेल्या ब्लॉकचा...

"ते ठाऊक आहे मला, भाऊजी. किल्लारीच्या वेळचा हा. पण लग्न होऊन आले तेव्हाचा वेगळा होता. चार गल्ल्यांवरून यायचा. मी चहा टाकायची." त्यांनी बाकावर ठेवलेल्या फडक्याच्या गाठोड्याकडे पाहिले. "ते जुने बसवा एकदा."

उस्ताद माझ्याकडे पाहू लागले. मी काही बोललो नाही. त्यांनी पोराला हाक मारली आणि बारा नंबरचा पाना मागितला.